शत्रूच्या मृतदेहाचा फोटो डेस्कवर येतो तेव्हा

प्रति,
मराठी वृत्तवाहिन्या, दैनिके आणि वृत्तसंकेतस्थळांचे संपादक, वृत्तसंपादक व रात्रपाळीचे डेस्कप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

दर काही महिन्यांनी तो फोटो येतोच. कधी गडचिरोली-अबुझमाडकडून, कधी काश्मीरमधून, कधी गाझातून. मारल्या गेलेल्या म्होरक्याचा चेहरा, कपाळावर वाळलेले रक्त, चौकटीच्या कडेला कुणाचे तरी बूट. व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, पाठवणाऱ्याचे नाव कुणी विचारत नाही, आणि ‘बाकीच्यांनी लावलाय, आपणही लावा’ एवढ्यावर तो प्रसारित होतो. आम्ही फोटो डेस्क, न्यायवैद्यक शवचिकित्सा आणि चकमकींचे खटले या तीन कामांतली माणसे आहोत. हा निर्णय घेण्याची एक ठरलेली रीत असावी, ती लिहून ठेवलेली असावी आणि त्याखाली एका माणसाची सही असावी, एवढे मागण्यासाठी हे पत्र आहे.

दाखवण्याच्या बाजूने खरा वजनदार मुद्दा एकच आहे: फोटो दाखवल्याशिवाय लोकांचा विश्वास बसत नाही. तो तपासून पाहण्याजोगा आहे, कारण गेल्या साठ वर्षांत त्याची परीक्षा बऱ्याच वेळा झाली आहे.

सर्वांत नीट नोंदलेली परीक्षा इराकमधली. २२ जुलै २००३ रोजी मोसुलमधल्या एका बंगल्यात सद्दाम हुसेनचे मुलगे उदय आणि कुसय अमेरिकी सैन्याच्या हल्ल्यात मारले गेले. सोबत कुसयचा चौदा वर्षांचा मुलगाही होता, हे बातम्यांत पुढे फारसे उरले नाही. ओळख पटवण्याचे काम लगेच झाले. कुसयचे दात नोंदींशी पूर्ण जुळले, उदयचे इजेमुळे सुमारे नव्वद टक्के. १९९६ मधल्या हल्ल्यात उदयच्या पायाला झालेल्या जखमांच्या खुणा एक्स-रेत दिसल्या. जुन्या राजवटीतल्या चौघांनी मृतदेह पाहून ओळखले. म्हणजे फोटो बाहेर येण्याआधीच शास्त्रीय प्रश्न सुटलेला होता. तरीही २४ जुलैला फोटो दिले गेले. चेहरे इतके बिघडलेले होते की बगदादमध्ये लोक म्हणाले, हे ते नव्हेतच. मग शवगृहातल्या कारागिरांनी मेणासारखा लेप भरून चेहरे पुन्हा घडवले, दाढी सारखी केली, आणि दुसऱ्या दिवशी बगदाद विमानतळावरच्या शवगृहात पत्रकारांना बोलावून चित्रीकरण करू दिले. आता लोक म्हणाले, हे तर मेणाचे पुतळे आहेत. शंका मिटवणारी गोष्ट २९ जुलैला आली आणि ती फोटो नव्हती: स्वतः सद्दामच्या आवाजातली ध्वनिफीत, मुलगे हुतात्मा झाले असे सांगणारी.

चेहऱ्याने पटत नाही याचे कारण शारीरिक आहे. डोक्याला गोळी किंवा स्फोटाचा मार बसला की कवटीची हाडे तुटतात आणि चेहऱ्याचा आधारच जातो. डोळ्यांतले अंतर, नाकाची रेषा, जबडा, सगळे सरकते. उन्हाळ्यात दीड-दोन दिवसांत चेहरा सुजतो, रंग हिरवट-काळा पडतो. मृतदेह पालथा पडलेला असेल तर रक्त चेहऱ्याकडे साकळते आणि तो जांभळा दिसतो, जखम नसतानाही. म्हणून मोठ्या दुर्घटनांत मृतांची ओळख पटवण्याच्या इंटरपोलच्या पद्धतीत बोटांचे ठसे, दात आणि डीएनए ही तीनच मुख्य साधने आहेत. नुसते पाहून ओळखणे पुरेसे धरले जात नाही. आईवडीलसुद्धा चुकतात, मग टीव्हीसमोर बसलेल्या प्रेक्षकाकडून काय अपेक्षा ठेवायची?

बाकीची उदाहरणे शेजारी ठेवून पाहा. क्रांतिकारक चे गव्हेराचा मृतदेह १० ऑक्टोबर १९६७ ला बोलिव्हियातल्या व्हायेग्रांदेच्या रुग्णालयात, कपडे धुण्याच्या खोलीतल्या सिमेंटच्या ओट्यावर पत्रकारांना दाखवला गेला. ओळखीचा खरा पुरावा मात्र अर्जेंटिनातल्या नोंदींशी जुळलेले बोटांचे ठसे हा होता, आणि त्यासाठी त्याचे हात कापून ठेवले गेले. बंड संपल्याचा पुरावा म्हणून प्रसिद्ध केलेल्या त्या फोटोतले उघडे डोळे त्याला संतपद देऊन गेले. जून २००६ मध्ये बगदादच्या पत्रकार परिषदेत इराकमधल्या अल-कायदाचा म्होरक्या झरकावी याच्या मृत चेहऱ्याचा मोठा फोटो चौकटीत बसवून मांडला गेला. त्याच दिवशी त्या संघटनेने स्वतः त्याच्या मृत्यूची घोषणा केली, म्हणजे त्या चौकटीने सिद्ध काहीच केले नाही. हमासचा प्रमुख सिनवार याच्या बाबतीत ओळख दात आणि ठशांवरून पटली. तो इस्रायलच्या तुरुंगात असल्याने नोंदी तयारच होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये इस्रायली सैन्याने ड्रोनचे चित्रीकरण जाहीर केले आणि खुर्चीत बसून ड्रोनकडे काठी फेकणारा जखमी माणूस समर्थकांच्या पोस्टरवर गेला.

याउलट मे २०११ मध्ये ओसामा बिन लादेनचा फोटो न देण्याचे ओबामा यांनी ठरवले. ६ मे रोजी अल-कायदाने मृत्यू मान्य केला. ऑक्टोबर २०१९ मध्ये इस्लामिक स्टेटचा म्होरक्या बगदादी याच्या मृतदेहाचा फोटो दिला गेला नाही. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला संघटनेने मृत्यू मान्य केला. सप्टेंबर २०२४ मध्ये आपला प्रमुख नसरल्ला याचा मृत्यू हिजबुल्लाने दुसऱ्या दिवशी सांगितला. ओसामानंतरचा अल-कायदाप्रमुख जवाहिरी हा अपवाद, ना मृतदेह ना कबुली. पण तिथे दाखवायला फोटोही नव्हता.

आणि श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोरांच्या एलटीटीई संघटनेचा प्रमुख प्रभाकरन. १९ मे २००९ ला श्रीलंकेच्या सैन्याने नंदिकडल खाजणाकाठच्या मृतदेहाचे चित्रीकरण जगाला दाखवले. डोक्याचा वरचा भाग कापडाने झाकलेला होता. एकेकाळचे त्याचेच साथीदार करुणा आणि दया मास्टर यांनी ओळख पटवली, पाच दिवसांनी संघटनेच्या पद्मनाथनने मृत्यू मान्य केला. तरीही फेब्रुवारी २०२३ मध्ये तंजावरला पत्रकार परिषद घेऊन तमिळ राष्ट्रवादी नेते पळ नेडुमारन यांनी तो जिवंत असल्याचे सांगितले आणि ती बातमी आपल्याकडेही चालली. ज्याला मानायचे नाही, त्याला फोटो मानायला लावत नाही.

ओसामाच्या प्रकरणात फोटो न दिल्यामुळेच खोटा फोटो फिरला, असे कुणी म्हणेल. फिरला, हे खरे. चेहऱ्याचा खालचा भाग १९९८ मधल्या, जिवंतपणीच्या फोटोतला आणि वरचा दुसऱ्याच कुणाच्या मृतदेहाचा. पण तो कारवाईनंतर बनवलेला नव्हताच, दोन वर्षांपासून इंटरनेटवर पडून होता. पाकिस्तानी वाहिन्यांनी दाखवला, ब्रिटिश वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांनी उचलला, आणि अमेरिकेचे एक सिनेटर स्कॉट ब्राउन आपण तो पाहिला असे सांगून बसले, मग माघार घेतली. ही चूक सरकारच्या मौनाची नव्हती, डेस्कच्या घाईची होती.

म्हणून आधी तपासणीबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फोटो’ म्हणून आलेल्या फाइलमधून वेळ, ठिकाण, कॅमेरा ही सगळी माहिती गळून गेलेली असते आणि चित्र दाबून लहान केलेले असते. पाठवणाऱ्याला तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. तो देऊ शकत नसेल तर बहुधा त्याने फोटो काढलेला नाही, पुढे ढकललेला आहे. उलट शोध (चित्र टाकून ते आधी कुठे आले ते पाहणे) घेताना चित्र जसेच्या तसे, आडवे फिरवून, आणि नुसता चेहरा कापून अशा तीन तऱ्हांनी टाका, एकाहून जास्त शोधयंत्रांत. आरशासारखे उलटवलेले चित्र पहिल्या शोधात निसटते. जुन्या फोटोशी तुलना करताना दाढी-मिशीकडे पाहू नका, कानाची ठेवण पाहा. चेहरा सुजला तरी कानाच्या कडा आणि पाळीचा आकार बराच टिकतो. कान हुबेहूब जुळून प्रकाशही जुन्या फोटोसारखाच असेल, तर जोडकामाचा संशय घ्या. त्याच घटनेचे दोन फोटो आले तर दोन्हींत शर्टाची बटणे, जमिनीवरचे गवत, सावलीची दिशा जुळते का ते बघा. वृत्तसंस्थेने फोटो मागे घेतल्याची सूचना आली तर तो पानावरून काढून भागत नाही. संग्रहातून, पानांच्या पीडीएफमधून आणि इतर आवृत्त्यांकडे गेलेल्या फाइलमधूनही काढावा लागतो. नाहीतर वर्षभराने ‘फाइल फोटो’ म्हणून तोच परत छापला जातो.

फोटो खरा निघाला तरी तो कशाचा आहे हा प्रश्न उरतो. चकमकीनंतर येणाऱ्या बहुतेक फोटोंत मृतदेह ओळीने ठेवलेले असतात आणि शेजारी बंदुका, काडतुसे, पिट्टू (पाठपिशव्या) मांडलेले असतात. हा घटनास्थळाचा फोटो नव्हे, मांडणीचा फोटो आहे. खाली ‘घटनास्थळी सापडलेली शस्त्रे’ अशी ओळ टाकली की वाचकाला वाटते, बंदूक त्याच्या हातात होती. ओळ अशी असावी: ‘मृतदेह आणि पोलिसांनी जप्त केल्याचे सांगितलेली शस्त्रे, पोलीस मुख्यालयात मांडलेली.’ चार शब्द जास्त जातात, जाऊ द्या.

न्यायवैद्यक फोटो वेगळा दिसतो आणि तो आपल्यासाठी नसतो. जागेचा दुरून एक, मधल्या अंतरावरून एक, जखमेचा जवळून एक. जवळचा प्रत्येक फोटो मोजपट्टी ठेवून आणि न ठेवता, कॅमेरा जखमेच्या पातळीला काटकोनात, कडेला प्रकरण क्रमांक. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्या फाइलचे हॅश मूल्य (फाइल जराही बदलली की बदलणारी तिची खूण) प्रमाणपत्रात नोंदवावे लागते. १९९५ ते १९९७ दरम्यान मुंबई पोलिसांच्या सुमारे ९९ चकमकींत १३५ माणसे मारली गेली. त्यांवरून चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये सोळा मार्गदर्शक सूचना दिल्या. मृताचे रंगीत फोटो काढा, रक्त लागलेली माती आणि केस जपून ठेवा, शवविच्छेदन जिल्हा रुग्णालयात दोन डॉक्टरांकडून करा, त्याचे चित्रीकरण करा, नातेवाइकांना लवकरात लवकर कळवा. हे फोटो तपासासाठी आहेत. मृतदेहाशेजारी उभे राहून फोटो काढण्यासाठी तो हलवला की मातीवरचे ठसे, रक्ताचे ओघळ, गोळीची दिशा हा पुरावा मोडतो. तो मोडलेला फोटो आपण पहिल्या पानावर छापतो आणि तीन वर्षांनी न्यायालयात काय झाले याची बातमी आतल्या पानावर एका कॉलमात देतो.

नातेवाइकांचा मुद्दा वेगळा सांगतो, कारण तो डेस्कवर सर्वांत सहज सुटतो. १३ नोव्हेंबर २०२१ ला गडचिरोलीत मर्दिनटोल्याच्या जंगलात झालेल्या चकमकीत माओवादी नेता मिलिंद तेलतुंबडेसह २६ मृतदेह सापडले. अशा संख्येत बहुतेकांची ओळख पटायला वेळ लागतो. नाव नसलेला चेहरा प्रसारित झाला तर कुण्या घराला मृत्यूची बातमी मोबाइलवरून कळते. माणूस कोणत्या संघटनेत होता याचा त्याच्या आईशी संबंध नाही. पोलीस जनसंपर्क अधिकाऱ्याला एकच प्रश्न विचारा: नातेवाइकांना कळवले का, आणि किती वाजता? उत्तर ‘प्रक्रिया सुरू आहे’ असे आले तर चेहरा दाखवायचा नाही. अमेरिकेने आपल्या सैनिकांच्या डोव्हर तळावर येणाऱ्या शवपेट्यांचे फोटो काढायला १९९१ पासून बंदी ठेवली आणि २००९ मध्ये ती उठवली तीही कुटुंबाच्या संमतीच्या अटीवर. स्वतःच्या मृतांना लावलेला हा नियम शत्रूच्या मृतांनाही लावावा, इतकी साधी आमची कसोटी आहे. मार्च २००३ मध्ये इराकी टीव्ही आणि अल जझीराने पकडलेले आणि मेलेले अमेरिकी सैनिक दाखवले तेव्हा संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी जिनिव्हा कराराची आठवण करून दिली होती. चारच महिन्यांनी उदय-कुसयचे फोटो देण्याचे समर्थनही त्यांनीच केले.

कायदा काय म्हणतो, तर जितके लोक समजतात त्याहून कमी आणि जितके वाहिन्या पाळतात त्याहून जास्त. तिसऱ्या जिनिव्हा कराराचे कलम १३ लोकांच्या कुतूहलापासून युद्धकैद्यांना संरक्षण देते, पण ते जिवंत कैद्यांसाठी आहे. मृतांसाठी पहिल्या कराराची कलमे १५ ते १७ आहेत: शोधा, लुटू देऊ नका, ओळख नोंदवा, सन्मानाने दफन करा. फोटोवर सरसकट बंदी कुठेच नाही, विटंबनेवर आहे. आपल्याकडे टीव्हीसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाची ९ जानेवारी २०२३ ची सूचना आहे, रक्तबंबाळ देह न झाकता दाखवू नका अशी. ती अपघातांच्या बातम्यांत थोडीफार पाळली जाते. ‘कंठस्नान’ आणि ‘खात्मा’ पट्टीवर आले की तिचा विसर पडतो. प्रतापगडाच्या पायथ्याच्या कबरीचे दाखले भाषणांतून देणारे पाहुणे त्याच रात्रीच्या चर्चेत बसतात, मागे मृतदेह फिरत असतो, आणि कुणाला काही खटकत नाही.

आता झाकण्याविषयी, कारण बहुतेक ठिकाणी ‘ब्लर केलाय’ म्हणजे काम झाले असे मानतात. बारीक चौकटींचा मोझेक हलत्या दृश्यावर टाकला तर अनेक फ्रेम एकत्र करून चेहरा बराचसा परत मिळवता येतो. मोठ्या चौकटी घ्या किंवा सरळ एकरंगी पट्टा टाका. मोझेक चेहऱ्यामागे आपोआप सरकत असेल तर कॅमेरा झटकन हलला की तो दोन-तीन फ्रेम मागे राहतो, आणि स्क्रीनशॉट नेमका तिथलाच निघतो. म्हणून एकदा फ्रेम-फ्रेम करून बघावेच लागते. झाकलेला थर वेगळा ठेवून फाइल पुढे पाठवली तर पुढचा माणूस तो काढू शकतो. एकजीव केलेली फाइलच बाहेर जावी. सर्वांत जास्त चुका मात्र दृश्यात होत नाहीत, त्याच्याभोवती होतात: व्हिडिओचे मुखचित्र (थंबनेल) प्रणालीने मूळ फाइलमधून आपोआप उचललेले असते, बातमीचा दुवा पाठवला की दिसणारे चित्र वेगळे भरलेले असते, मोबाइल सूचनेसोबतचे चित्र तिसऱ्याच माणसाने निवडलेले असते. बातमीतून फोटो काढला तरी सर्व्हरांच्या तात्पुरत्या साठ्यात तो राहतो. तो साठा मुद्दाम रिकामा करायला सांगावे लागते. आणि टीव्हीवर पाच सेकंदांची क्लिप चर्चेच्या मागे तासभर फिरत ठेवली, तर झाकलेली असली तरी ती बातमी राहत नाही, सजावट होते. एका बातमीपत्रात एकदा, निवेदनासह, आणि चर्चेच्या पार्श्वभूमीला कधीच नाही, असा नियम करावा.

फोटो कधीच दाखवू नये, असे मात्र आम्ही म्हणत नाही. अधिकृत कथेला खोटे पाडणारा फोटो दाखवलाच पाहिजे. प्रभाकरनचा बारा वर्षांचा मुलगा बालचंद्रन लढाईच्या गोंधळात मेला असे सांगितले जात होते. २०१३ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोर वाहिनीने बाहेर आणलेल्या फोटोंत तो वाळूच्या पोत्यांच्या आडोशाला बसून काहीतरी खात होता, आणि नंतरच्या फोटोत छातीवर गोळ्यांच्या जखमा होत्या. लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी याचा मृतदेह ऑक्टोबर २०११ मध्ये मिसराताच्या मांसबाजारातल्या शीतगृहात चार दिवस ठेवला होता. लोक रांगा लावून, तोंडाला फडके बांधून बघायला येत होते. त्या रांगेच्या दृश्यांनी कळले काहीच नाही. पण त्याचा मुलगा मुतस्सिम पकडल्यानंतर सिगारेट ओढत बोलत असल्याची मोबाइल चित्रफीत आणि त्यानंतरचा त्याचा मृतदेह, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्यावर कैद्याला मारल्याचे उघड झाले. म्हणून डेस्कने विचारायचा प्रश्न हा: हा फोटो शब्दांनी सांगता न येणारे काय सिद्ध करतो? ‘तो मेला’ हे शब्दांनी सांगता येते. ‘त्याला पकडल्यावर मारले’ हे कित्येकदा येत नाही. अशा वेळीही जिवंतपणीचा फोटो मोठा, मृताचा लहान, आतल्या पानावर किंवा पूर्वसूचनेमागे. लहान मूल असेल तर मृताचा फोटो छापू नये, त्यातल्या जखमांचे वर्णन तज्ज्ञाच्या नावानिशी द्यावे. मूळ फाइल मात्र फेकू नका. न छापलेला फोटो हॅश मूल्यासह, कुणाकडून कधी आला या नोंदीसह बंद कप्प्यात ठेवा; चौकशी आयोग किंवा न्यायालय मागेल तेव्हा ती फाइल बातमीपेक्षा जास्त उपयोगाची असते.

आपल्याकडून हवे आहे ते थोडेच. प्रत्येक पाळीला असा फोटो मंजूर करणारा एकच नामनिर्देशित संपादक, आणि तो रजेवर असेल तर कोण, हेही. एक नोंदवही: फोटो कुठून आला, मूळ फाइल मिळाली का, नातेवाइकांना कळवले का, तो काय सिद्ध करतो, दाखवला की नाही आणि का. ‘दुसऱ्यांनी लावला’ हे कारण त्या वहीत चालणार नाही, असे वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. मुखचित्र, सूचना आणि समाजमाध्यमे सांभाळणाऱ्यांनाही त्याच मंजुरीखाली आणावे; सध्या बऱ्याच ठिकाणी ते वेगळ्या मजल्यावर बसतात आणि डेस्कने नाकारलेला फोटो त्यांच्याकडून जातो. आणि हे फोटो दिवसभर चाळणाऱ्या कनिष्ठ उपसंपादकांना आळीपाळीने त्या कामातून मोकळे करावे, आवाज बंद ठेवून आणि लहान चौकटीत बघायला शिकवावे. पहिल्यांदा पूर्ण पडद्यावर, आवाजासह उघडले की ते डोक्यातून लवकर जात नाही.

एक पानी तक्ता आणि दोन तासांचे प्रशिक्षण आम्ही विनामूल्य द्यायला तयार आहोत. शक्यतो रात्रपाळीला ठेवा. दिवसपाळीला बहुतेक वेळा वरिष्ठ असतात, आणि फोटो येतो तेव्हा डेस्कवर कोण असते हे आपल्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आपले,
फोटो डेस्क, न्यायवैद्यक आणि कायदा या क्षेत्रांतले काही सहकारी